गादीवर आलेला आळ

माझा मोठा जावई सोबितजान माझ्या गादीवर झोपत नाही. थोरल्या मस्तुराच्या लग्नात मी दिलेल्या गाद्यांची चळत छताला टेकत होती. कापूस आमच्याच शेतातला, सरकी मी बोटांनी वेचलेली, टाका माझा. आणि हा गडी उठून अंगणातल्या ताप्चानवर, त्या लाकडी बाजेच्या उघड्या फळ्यांवर जाऊन पडतो. घरी आला की वडीलधारी म्हणून मी पाठीवर थाप द्यायला हात उचलते, तर हा बुजऱ्या घोड्यासारखा बाजूला सरकतो. सासूची थाप चुकवणारा जावई आमच्या मर्गिलानकडे मी तरी पाहिला नव्हता.

हे घरातल्या घरात राहिलं असतं तर मी गिळलं असतं. पण मस्तुराची शेजारीण तुर्सुनोय तंदूरपाशी चार बायकांदेखत म्हणाली, "इनोबत-अपा, राग मानू नका, पण तुमचा जावई फळीवर झोपतो. गादीत भरलंयत तरी काय?"

"कापूस."

"हो का? आम्हाला वाटलं गिरणीतला कचरा."

धाकट्या ओयदिनचं तेव्हा ठरत आलं होतं. मुलगा सुतारकाम करणारा, शांत. ओयदिनला तो आवडला होता. ती बोलली नव्हती, पण त्याचं नाव निघालं की प्याला भरून वाहेपर्यंत चहा ओतत राहायची. त्याची आई हुर्रियत येत्या जुम्म्याला नान मोडून सोयरीक पक्की करायला येणार होती. जिच्या गाद्या जावयाची पाठ मोडतात, तिची मुलगी कोण करून घेतो?

मी मस्तुराकडे गेले, सगळ्या गाद्या उसवल्या, पिंजाऱ्याला बसवून कापूस पुन्हा पिंजून घेतला आणि दुप्पट भरला. गादी अशी मऊ झाली की वर मांजर बसलं तर शोधत बसावं लागेल. जावयाला म्हटलं, आता झोप.

सकाळी त्याला दोघांनी धरून उठवावं लागलं. मान वळेना. मला सलाम करायला अख्खा माणूस कपाटासारखा फिरला. आणि दुपारी हाच गडी कुदळ घेऊन शेतातला पाट साफ करत होता, वर शीळही घालत होता.

"सकाळी म्हातारा, दुपारी पैलवान," मी घरी येऊन आमच्या म्हाताऱ्याला सांगितलं. "हे दुखणं नाही, नाटक आहे."

"असेल," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून तो एवढंच म्हणत आलाय.

मग मी ठरवलं, गाद्यांचा निवाडा डॉक्टरलाच करू दे. जावयाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात निघाले तेव्हा मस्तुरा म्हणाली, "आया, त्यांना बरं वाटावं म्हणूनच नेतेस ना?"

"आधी माझ्या गाद्यांना बरं वाटू दे," मी म्हटलं.

डॉक्टरीण पोरसवदा होती. तिनं जावयाच्या कमरेच्या सांध्यावर अंगठा ठेवला. दाबला असं म्हणायलाही जीभ वळत नाही. जावई पांढराफटक पडला, डोळ्यांत पाणी.

"नाटक," मी म्हटलं.

तिनं तोच अंगठा माझ्या कमरेवर टेकवला आणि चांगला जोर लावला. "दुखलं का?"

"मला? जेवली नाहीस का पोरी?"

"बघा आता. याचे पाठीचे सांधे आतून सुजलेत, आणि आजचे नाहीत. सूज इतकी मुरली की सगळं अंगच हुळहुळं होऊन बसतं. कुणाची साधी थापही त्याला लाथेसारखी लागते. पडून राहिला की आखडतो, हातपाय हलवले की मोकळा होतो. म्हणून दुपारी बरा दिसतो."

"आणि गादी?"

"गादीचा काय संबंध?"

"पुन्हा म्हण."

"गादीमुळे हा आजार होत नाही, आजी. कितीदा तरी तो रक्तातूनच येतो. याला औषध कायमचं घ्यावं लागेल, नाहीतर मणके एकमेकांना चिकटून पाठ ताठ…"

पुढचं मी ऐकलं नाही. जावई ऐकत होता.

बसमधून उतरले ती थेट तंदूरपाशी. "आजार आहे," मी सगळ्यांना सांगितलं. "मोठा. सांध्यांचा. रक्तातून आलेला, म्हणजे त्याच्या बापाकडून. गादीचा काडीचा संबंध नाही." तुर्सुनोयचं तोंड एवढंसं झालं. तिथून मशिदीच्या गल्लीत सांगितलं, मग रेशीमवाल्यांच्या आळीत. सांगता सांगता आजार थोडा वाढलाही.

जुम्म्याला हुर्रियत आली. मी तिला नव्या भरलेल्या गादीवर बसवलं. तिनं हातानं गादी दाबून पाहिली आणि म्हणाली, "काय मऊ आहे हो." माझं पोट तिथंच भरलं. मी नान पुढे केला. तिनं हात मागे घेतला.

"अपा, गाद्या उत्तम. पण तुमच्या घरात ते रक्ताचं काहीतरी आहे म्हणे."

"जावयाच्या रक्तात आहे. ते त्याच्या बापाचं. माझ्या ओयदिनमध्ये कुठून शिरेल?"

"आता असं म्हणता. तंदूरपाशी तर मोठा आजार म्हणालात."

"गादीचा संबंध नाही, असंही म्हणाले होते."

"तेही कानावर आलं. पण मला गादी करायची नाहीये, सून करायचीय."

ती गेली. ओयदिननं तो अख्खा नान उचलून आत नेला. रडली असती तर मला काही बोलता तरी आलं असतं.

सोयरिकीसाठी मस्तुरासोबत आलेला जावई भिंतीशी उभा होता. बसला तर आखडतो. "आया," तो म्हणाला, "मी हुर्रियत-अपांकडे जाऊ का? डॉक्टरीणबाईंना सोबत नेतो. त्या समजावतील."

"आता जातोस? तुझ्या पाठीला आज वाचा फुटली का? लग्नाआधीपासून दुखत होतं, तर पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

"बोललो होतो, आया. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी. तुम्ही म्हणालात, नव्या नवऱ्याची पाठ दुखायचीच. सगळ्या बायका हसल्या. मग मी फळीवर जायला लागलो."

मस्तुरा माझ्याकडे बघत होती. मी खाली अंथरलेल्या दस्तरखानावरचे प्याले एकात एक घातले, उठले आणि त्याला सुनावलं, "मग मोठ्यानं बोलायचं होतंस, जावई. या घरात हळू सांगितलेलं दुखणं कुणी दुखण्यात धरत नाही."