वीस फुटी तात्या

बबनतात्या माणसाला भेटले की आधी त्याची उंची-रुंदी बघतात, चेहरा नंतर. माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या प्लॉटशेजारच्या चाळीत पत्र्याची खोली भाड्यानं घ्यायला आलो होतो. तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "उभा जाईल. आडवा घातला तर जागा खाईल." मला वाटलं खोलीबद्दल बोलताहेत. ते मला मनातल्या मनात कंटेनरमध्ये भरत होते, हे नंतर कळलं.

एकतीस वर्षं तात्यांनी चाकणजवळच्या एका कंपनीत डिस्पॅचला काढली. गिअरच्या पेट्या कंटेनरमध्ये भरायच्या, नग मोजायचे, दोन्ही दारं लावायची, दांडा ओढायचा, सील मारायचं आणि ड्रायव्हरला सांगायचं, "गाडी सोड." माल समुद्रापार गेला. तात्या रोज कुरुळीला, गावातल्या घरी, परत आले. निवृत्त झाले तरी भरणं काही सुटलं नाही. जेवणाच्या पंगतीत ते माणसं मोजत नाहीत, नग मोजतात. एका लग्नात स्टेजवर नवरा-नवरी जरा अंतर ठेवून उभे होते, तर तात्या माझ्या कानात म्हणाले, "मधी पोकळी हाय. प्रवासात हलनार." गावात कुणी वारलं तर तिरडी बांधायला तात्यांनाच बोलावतात. त्यांच्या हातची दोरी ढिली पडत नाही.

असा माणूस घर कंटेनरचं करणार यात नवल नव्हतं. पण तात्यांचं कारण नुसतं वेडाचं नव्हतं.

तात्यांची आतापर्यंत दोन घरं गेली. पहिलं कंपन्यांसाठी जमीन घेतली तेव्हा. त्या जागी आता एका कारखान्याचं पार्किंग आहे. दुसरं रस्ता रुंद झाला तेव्हा. दोन्ही घरांच्या भिंती काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, स्वतःच्या हातांनी लिंपल्या होत्या. दुसरं घर जेसीबीनं पाडलं त्या दिवशी काकूंनी हात धुतले, पिशवी भरली आणि भोसरीला भावाकडे राहायला गेल्या. आता पुन्हा कुठल्या भिंतीला हात लावणार नाही, एवढंच म्हणाल्या.

नकाशावर लाल रेघ मारणाऱ्याच्या पेन्सिलीला रबर लावलेलं असतं, पण ते कधी वापरलं जात नाही. कारखान्याचं यंत्र हलवायचं तर महिनाभर बैठका होतात, माणसाचं घर हलवायला एक नोटीस पुरते. हे मी तात्यांना एकदा फार तावातावानं सांगत होतो. माझा बाप युनियनची पत्रकं काढायचा, मी अक्षरं त्यांवरच शिकलो, त्यामुळे सुरुवात केली की मला थांबता येत नाही. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पत्रकवाले, तुमचं बरोबर हाय. पन पत्रकात ऱ्हाता येत न्हाई."

मग त्यांनी राहायची सोय केली. उरलेल्या दोन गुंठ्यांवर एक जुना वीस फुटी कंटेनर आणून ठेवला. खाली सिमेंटचे ठोकळे, बस्स. हिशेब सोपा होता. उद्या पुन्हा रेघ आली तर क्रेन बोलवायची, घर उचलायचं आणि पुढे जायचं. "घर पाडतेत. कंटेनर कुनी पाडत न्हाई," तात्या म्हणायचे. "फार तर उचलतेत."

तात्यांनी भोसरीला निरोप धाडला की घर तयार आहे, मी तिथंच राहतो, या. काकूंचा उलटा निरोप आला. मी माणूस हाय, माल न्हाई. मे महिन्यात भर दुपारी येऊन बघीन. आत भट्टी असली तर परत माझं नाव काढायचं न्हाई.

तेव्हा फेब्रुवारी चालू होता. तात्यांनी सूर्याशी वैर धरलं.

आधी त्यांनी कंटेनरला बाहेरून शेणानं लिंपलं. लोखंडावर शेण धरत नाही. वाळल्यावर एका सकाळी सगळी भिंत अखंड सुटून खाली आली. तात्या तिच्याकडे बघत म्हणाले, "पॅकिंग फेल." मग छपरावर ओली पोती टाकली. आत गारवा आला आणि त्यासोबत छपराला गंज आला. मग चुना. चुन्यानं छप्पर पांढरं धोप झालं आणि शेजारच्या चाळीतली माणसं दुपारी डोळ्यांवर हात धरून चालू लागली. आत किती तापतं हे मोजायला तात्यांनी थर्मामीटर आणला नाही. चारही कोपऱ्यांत गुळाचा एकेक खडा ठेवला. गूळ किती पाघळतो त्यावर दिवसाचा निकाल. "वायव्येचा नग रडतोय," असं ते मला सकाळी कामावर जाताना गंभीरपणे सांगायचे. लवकरच गूळ मोजण्याआधीच मुंग्या नेऊ लागल्या. तात्यांनी मुंग्यांवरही लक्ष ठेवलं. त्यांचं म्हणणं, भरणी करावी तर मुंग्यांनी, पोकळी म्हणून ठेवत नाहीत.

मी याच सुमाराला एक पत्रक लिहिलं होतं, 'माणूस डब्यात, यंत्रं एसीत'. आमच्या पत्र्याच्या खोल्यांबद्दल होतं. तात्यांना वाचायला दिलं. त्यांनी दोन दिवसांनी परत केलं. सगळीकडे 'डबा' खोडून 'कंटेनर' केलं होतं आणि तळाशी सही करून लिहिलं होतं, 'तपासले. नग एक.'

हळूहळू त्यांना जमत गेलं. छपराच्या वर हातभर अंतरावर बांबूचा मांडव घातला, त्यावर उसाचं पाचट अंथरलं. मधून वारा खेळू लागला. काकूंचे भाऊ आप्पा, त्यांचं भोसरीत वर्कशॉप आहे. त्यांनी येऊन समोरासमोर दोन खिडक्या कापल्या आणि गज बसवले. भिंतींना आतून काथ्याच्या जाड चटया लावल्या. पश्चिमेच्या अंगाला दुधीभोपळ्याचा वेल सोडला. एप्रिलच्या शेवटी तात्या मला म्हणाले, "कालचा गूळ कोरडा हाय." एवढंच म्हणाले, पण त्या दिवशी दाढी करून आले होते.

काकू आल्या मेमधल्या एका गुरुवारी. गुरुवार म्हणजे आमच्याकडची साप्ताहिक सुट्टी. कारखाने बंद, वर्कशॉप बंद आणि दुरुस्तीसाठी लाइटही बंद. दुपारी दोनला आप्पांच्या गाडीवरून त्या उतरल्या, पदर डोक्यावर, हातात पिशवी नाही. परत जायच्या तयारीनंच आल्या होत्या. पंखा फिरत नव्हता. तात्यांचा चेहरा बघवत नव्हता.

काकू आत शिरल्या. चटई हातानं दाबून पाहिली, खिडकीतून बाहेर पाहिलं. तात्या आम्हाला, म्हणजे आप्पांना आणि मला, वरचा मांडव दाखवायला बाहेर घेऊन आले. बोलता बोलता त्यांनी दाराचं एक पाखं लोटलं, मग दुसरं. दांडा खाली ओढला. दुसरा हात शर्टाच्या खिशात गेला. इतर म्हातारे खिशात सुपारी ठेवतात, तात्या जुनी उरलेली सीलं ठेवतात. लोखंडी खिळ्यासारखं जाड सील त्यांनी कडीत घातलं, टक्कन दाबलं आणि हात झटकून म्हणाले, "गाडी सोड."

आप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"दाजी," आप्पा म्हणाले, "ताई आत हाय."

आतून शांत आवाज आला, "अहो."

तात्यांनी सील ओढून पाहिलं. ते हातानं निघत नाही, कापावंच लागतं. आप्पांनी कटर मागितला. तात्यांकडे कटर नव्हता. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो सीलं मारली होती, तोडलं एकही नव्हतं. "तोडायचं काम आपलं न्हाई," ते पुटपुटले. "ते पोचल्यावर तोडतेत." लाइट नव्हती म्हणून ग्राइंडर चालणार नव्हता. आप्पा गाडी काढून कटर शोधायला निघाले. नंतर कळलं, त्यांनी आधी एका गोदामाच्या वॉचमनला सांगितलं की सील तोडायचंय, तर त्यानं विचारलं, माल काय आहे? आप्पा म्हणाले, माझी बहीण. त्यानं फाटकच लावून घेतलं.

इकडे तात्या खिडकीशी उन्हात उभे राहिले. मी त्यांना प्लॉटच्या कोपऱ्यातल्या बाभळीखाली चला म्हटलं. हलले नाहीत. गजांतून पाण्याचा तांब्या दिला, ओला पंचा दिला, उत्तरेच्या भिंतीला बसा म्हणाले, वेलाच्या बाजूला बसा म्हणाले. दर दोन मिनिटांनी विचारायचे, "लई तापतंय का?" आतून उत्तर येत नव्हतं. चार महिन्यांचा निकाल आता आत बसला होता आणि तोंड उघडत नव्हता.

बऱ्याच वेळानं काकू म्हणाल्या, "ही गादी नवी दिसतीय."

"व्हय."

"हिची पिशवीबी काढली न्हाई तुमी."

तात्या गजावरची धूळ बोटानं पुसू लागले.

"भांडी कोरी हायती. चार महिने सगळ्यांना सांगताय की मी तिथंच ऱ्हातो. झोपता कुठं?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या बांबूकडे बघू लागलो. मीही चार महिने शेजारी राहत होतो आणि मलाही हे माहीत नव्हतं.

"बाभळीखाली," तात्या म्हणाले.

"का? गरम व्हतं म्हनून?"

"न्हाई. गरम न्हाई व्हत आता." ते गजांना धरून थोडे वाकले. "रिकामा कंटेनर वाजतो लई. कूस बदलली तरी आवाज येतो. एकट्याला आत ऐकवत न्हाई."

आतून चर्र असा लांब आवाज झाला. मला आधी कळेना कशाचा. मग तसाच अजून एक. काकू गादीवरचं प्लास्टिक फाडत होत्या.

आप्पा कटर घेऊन आले तेव्हा घामानं निथळत होते. त्यांनी एका दाबात सील कापलं. तात्यांनी दांडा उचलून दार उघडलं. काकू गादीवर भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"दार लोटून घ्या," त्या म्हणाल्या. "बाहेरची झळ आत येतीय."

तात्या दारातच थांबले. आत जावं की बाहेरून लावावं, हे त्यांना ठरवता येईना.

"तुमीबी या की आत," काकू म्हणाल्या. "का हमालासारखं दारातच उभं ऱ्हानार?"

तात्यांनी चपला काढल्या आणि आत गेले. पाखं आतून ओढून घेतलं. कंटेनरच्या दाराला आतून कडी नसते, तसं दार कुणी बनवतच नाही. ते सारखं उघडू बघत होतं. आप्पा आणि मी बाहेर उभे होतो. पाखाच्या कडेवर आतून दार धरून ठेवणारी तात्यांची चार बोटं आम्हाला दिसत होती. जरा वेळानं त्यांच्या शेजारी बांगड्यांचा एक हात आला.