लिओनोराच्या गाठी

विल्फ टॅप्सकॉट फेब्रुवारीत गेला आणि बायकोसाठी मागे दोन गोष्टी ठेवून गेला. एक, जेवणाच्या टेबलावर अडतीस तोफांच्या ‘लिओनोरा’ जहाजाचा लाकडी नमुना, आणि दुसरी, एक शपथ. जहाज साडेतीन फूट लांब होतं, त्यामुळे गेली नऊ वर्षं त्या टेबलावर कोणी जेवलं नव्हतं. ईनिडबाई मांडीवर ताट घेऊन जेवायच्या. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, असं मात्र कोणी समजू नये. रोज करायच्या.

शपथेची गोष्ट अशी. आमच्या गॉसपोर्टच्या जहाज-नमुना मंडळाचा एक कडक नियम आहे. वार्षिक प्रदर्शनात ठेवायच्या जहाजाचा खिळा न् खिळा, दोरा न् दोरा करणाऱ्याच्या स्वतःच्या हातचा हवा, आणि तसं लिहून खाली सही करायची. फार वर्षांपूर्वी एका सभासदाने तयार तोफा विकत आणून बसवल्या होत्या. तो मेला, त्याची बायको मेली, तरी मंडळात त्याचं नाव अजून दबक्या आवाजातच घेतात.

आणि विल्फचा हात तर दोन वर्षांपूर्वीच थरथरायला लागला होता. फळ्या झाल्या होत्या, तोफा झाल्या होत्या, डोलकाठ्या उभ्या होत्या. राहिल्या होत्या फक्त दोरशिड्या. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणलेले उभे दोर असतात, त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या, म्हणजे खलाशांना वर चढायला पायऱ्या होतात. जिथे दोरी दोराला भेटते तिथे एक गाठ. गाठ मोहरीपेक्षा लहान, आणि अशा गाठी दोन हजार आठशे. विल्फच्या चिमट्यातून दोरा सुटायचा, पुन्हा धरला की पुन्हा सुटायचा. एक दिवस त्याने चिमटा भिंतीवर फेकला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. ईनिडबाईंनी चिमटा उचलला, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "कुठे बांधायचं ते दाखव."

तेव्हापासून दुपारच्या चहानंतर दोघं टेबलाशी बसायची. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने चहानंतरचे दोन तास जहाजांना दिले होते, ते आता ईनिडबाईंच्या वाट्याला आले. खलाशी मारतात ती दोन वेढ्यांची गाठ त्यांना मरेपर्यंत जमली नसती. त्या पार्सलला मारतात तशी साधी घरगुती गाठ मारायच्या. शेवटची गाठ जानेवारीत झाली. विल्फने थरथरत्या हाताने प्रदर्शनाच्या अर्जावर सही केली आणि म्हणाला, "मंडळात कुणाला कळू देऊ नकोस, ईनिड. शपथ आहे तुला." त्या म्हणाल्या, "नाही सांगत." तीन आठवड्यांनी तो गेला.

तेव्हा बक्षीस मिळो न मिळो, बाईंना त्याचं काही नव्हतं. जहाज एकदा प्रदर्शनात जाऊन यावं, ही विल्फची इच्छा. ते झालं की त्यांना ते टेबलावर परत हवं होतं. दोन वर्षांच्या दुपारी त्या गाठींत होत्या. दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

एप्रिलमध्ये मंडळाचे दोन सभासद जहाज न्यायला आले. नॉर्मन पडनी जन्मभर नौदलाच्या गोदीत दोरांच्या कामावर होता, आणि त्याच्यासारखी गाठ मारणारा माणूस खाडीच्या दोन्ही काठांवर नव्हता. क्लॉड बेसंट इतिहासाचा निवृत्त मास्तर. त्याने स्वतः तीस वर्षांत एकही जहाज पुरं केलं नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात तो पटाईत होता. दोघांनी जहाज पाळण्यातल्या बाळासारखं उचललं आणि नॉर्मनच्या परसातल्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. फक्त धूळ झटकायची होती.

"क्लॉड, इकडे ये," नॉर्मन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "या भिंगातून बघ."

"काय बघू?"

"गाठ."

क्लॉडने बघितलं. बराच वेळ बघितलं. "ही गाठ नाही रे. हा गुंता आहे."

"सगळ्या अशाच आहेत. खालपासून वरपर्यंत." नॉर्मन स्टुलावर बसला. "आणि आपण दर बुधवारी विचारायचो, कसं चाललंय विल्फ, तर म्हणायचा, मजेत. हात गेला होता रे त्याचा. एकट्याने बसून हे असलं बांधत होता, आणि आपल्याला पत्ता नाही."

क्लॉडने चष्मा काढून पुसला. मग जे दोघांच्याही मनात होतं ते तो बोलला. "मिस ऑर्चर्ड हे बघणार."

मिस ऑर्चर्ड साउदॅम्प्टनहून परीक्षक म्हणून येतात. त्या पर्समधून भिंग काढतात तेव्हा मोठमोठ्या निवृत्त कप्तानांना एकदम चहाची आठवण होते.

"नाही बघणार," नॉर्मन म्हणाला. "मेलेल्या माणसाची फजिती मी होऊ देणार नाही. दर्शनी बाजूची पुढची एक शिडी मी नवी बांधतो. कुणाला कळणार नाही."

"ईनिडला?"

"त्यांच्यासमोर तर शब्द काढायचा नाही. नवऱ्याने शेवटपर्यंत चोख काम केलं असं वाटतंय त्यांना. तेवढं तरी राहू दे."

एक शिडी झाली. झाली ती इतकी सुरेख की शेजारची तिच्यापुढे ठिगळासारखी दिसायला लागली. म्हणून शेजारची केली. मग डावी बाजू पुरी केली. नॉर्मनच्या गाठी ताठ, बाईंच्या सैल, त्यामुळे तिन्ही डोलकाठ्या डावीकडे कलल्या, आणि ‘लिओनोरा’ दारुड्यासारखी झुकून उभी राहिली. त्यांना सरळ करायला उजवी बाजू कापून नवी बांधावी लागली. दोन्हीकडून ताण आल्यावर डोलकाठ्या मागे गेल्या, म्हणून पुढचे जाड दोर बदलले. क्लॉड पुस्तक घेऊन खुर्चीत बसून होता. "खऱ्या जहाजावर दोन पायऱ्यांत तेरा इंच," तो म्हणायचा. "त्या मापाने तुझे साडेतेरा होतायत."

"तू ये बांधायला."

"मी आलो तर चौदा होतील."

तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, शेडच्या दारावर टकटक झाली. ईनिडबाई फळांचा केक घेऊन आल्या होत्या. नॉर्मनने जहाजावर चादर टाकली आणि क्लॉडने कारण नसताना पुस्तक पाठीमागे लपवलं.

"अजून धूळच झटकताय?" बाईंनी विचारलं.

"बारीक धूळ आहे हो," क्लॉड म्हणाला.

"तीन आठवडे?"

"नऊ वर्षांची आहे," नॉर्मन म्हणाला.

बाईंना त्या टेबलाची साफसफाई कोण करत होतं ते आठवलं. केक ठेवून निघताना दारात थांबल्या. "एवढं सांगते, दोऱ्यांना हात लावू नका."

"छे, दोऱ्यांना कशाला," नॉर्मन म्हणाला. त्याच्या बाहीला विल्फच्या दोन दोऱ्या चिकटल्या होत्या.

बाई गेल्यावर क्लॉड हळूच म्हणाला, "त्यांना शंका आली असेल का, विल्फच्या गाठी वाईट होत्या याची?"

"म्हणूनच सांगितलं असेल. नवऱ्याची अब्रू झाकतायत बिचाऱ्या," नॉर्मन म्हणाला, आणि उरलेल्या चारशे गाठी त्याने दुप्पट प्रेमाने मारल्या.

प्रदर्शन मेमध्ये, चर्चच्या हॉलमध्ये भरलं. मिस ऑर्चर्डनी भिंग काढलं आणि त्या ‘लिओनोरा’समोर वीस मिनिटं उभ्या राहिल्या. मंडळात वीस मिनिटं कुणालाच मिळाली नव्हती. पहिलं बक्षीस जाहीर झालं. "फळ्या उत्तम आहेत, तोफा उत्तम आहेत," मिस ऑर्चर्ड म्हणाल्या, "पण या दोरशिड्या. आजारी माणसाने, आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत. खालपासून वरपर्यंत एकच हात. अशा गाठी मी आजवर पाहिल्या नाहीत."

ईनिडबाईंना वाटलं, या बाईंना भिंग बदलायला हवंय. त्या बक्षिसाचा कप घ्यायला पुढे गेल्या, आणि जाता जाता चष्मा लावून जहाजावर वाकल्या.

एकही गाठ त्यांची नव्हती. डाव्या बाजूला नव्हती, उजव्या बाजूला नव्हती, अगदी वरच्या टोकाला, जिथे विल्फने त्यांची मान धरून दिवा जवळ केला होता, तिथेही नव्हती. काय बोलणार? बोलावं तर नवऱ्याने खोटी सही केली हे शंभर लोकांसमोर सांगावं लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यांनी कप घेतला, "थँक यू," म्हणाल्या, "त्याला आवडलं असतं," म्हणाल्या, आणि खुर्चीवर येऊन बसल्या. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. बाई रडत होत्या, आणि सगळ्यांना ते स्वाभाविक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नॉर्मन आणि क्लॉडने जहाज घरी आणलं. टेबलावर ठेवलं. बाईंनी चहासुद्धा विचारला नाही. नॉर्मन टोपी हातात फिरवत उभा होता.

"ईनिड, मला सांगायलाच हवं. कप मिळेल असं वाटलं नव्हतं, फक्त लाज राखायची होती. त्या गाठी विल्फच्या नाहीत. मी मारल्या. त्याचा हात गेला होता, आणि आधीच्या गाठी फार, म्हणजे..."

"वाईट होत्या," बाई म्हणाल्या.

"भयंकर होत्या," क्लॉड म्हणाला.

"त्याही विल्फच्या नव्हत्या. माझ्या होत्या." बाईंनी डोळे मिटले. "शपथ घातली होती त्याने. मोडली बघा."

शेजारच्या परसात कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. बाईंनी डोळे उघडले.

"कापलेले दोरे कुठे आहेत?"

"कचऱ्यात टाकले," नॉर्मन म्हणाला. "गुरुवारी गाडी आली होती."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "दोन वर्षं रोज बसलो हो इथे आम्ही. माझ्याकडे त्याचे कपडे आहेत, फोटो आहेत. त्यांचं काय करायचंय मला? आम्ही दोघांनी मिळून केलेली तेवढी एकच गोष्ट होती." त्या ओरडल्या असत्या तर नॉर्मनला बरं वाटलं असतं.

क्लॉडने घसा साफ केला. "नियमाप्रमाणे पाहिलं, तर आता हे जहाज दोघांच्या हातचं..."

"क्लॉड, गप्प बस," नॉर्मन म्हणाला. त्याने खिशातून छोटी कात्री काढली. आयुष्यात केलेलं सर्वांत चांगलं काम त्याच्यासमोर होतं, आणि त्याच्या डोळ्यांना आता पूर्वीसारखं दिसत नव्हतं. पुन्हा असं काम त्याच्या हातून व्हायचं नव्हतं. त्याने डाव्या बाजूची सगळ्यात खालची पायरी धरली आणि कापली. मग वरची. पाच पायऱ्या कापून झाल्यावर त्याने चिमटा बाईंच्या पुढे धरला.

"दोन हजार आठशे आहेत," बाई म्हणाल्या. "मी एकाहत्तर वर्षांची आहे."

"आम्ही रोज येऊ," नॉर्मन म्हणाला. "दोरे मी कापून देईन. क्लॉड चहा करेल."

"कपाचं काय करायचं?" क्लॉडने विचारलं.

"परत देऊन या. काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, तुम्ही मास्तर आहात."

बाईंनी चष्मा लावला, दोरा घेतला आणि पहिली गाठ मारली. पार्सलची, वेडीवाकडी, एका बाजूला फुगलेली. नॉर्मनने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. क्लॉड छताकडे बघत होता. बाईंनी दुसरी गाठ मारायला घेतली आणि थांबल्या. चिमटा खाली ठेवला.

"काय झालं?" नॉर्मनने विचारलं.

"तुम्ही असे गप्प बसलात तर मला जमणार नाही. विल्फ प्रत्येक गाठीला म्हणायचा, चुकली. तो म्हणाला की मी पुढची मारायचे."

"प्रत्येक गाठीला?"

"एकही सोडली नाही त्याने."

नॉर्मन पडनी पुढे वाकला आणि भिंगातून त्या गाठीकडे नीट बघितलं.

"चुकली," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली आणि पुढचा दोरा घेतला.