आमदारांसाठी टेकडी सुरक्षित करताना

आमदाराचं मत कसं वळवायचं, हे मला कोणी शिकवू नये. भाषण नाही, निवेदन नाही. त्याला सरळ टेकडी चढायला लावायचं!

आमच्या कॉलनीमागची टेकडी सरकारी, म्हणजे सगळ्यांची, तिच्यावरची पायवाटही. अशा टेकड्या आणि वाटा विकायला बंदी घालणारं विधेयक सभागृहात आलं होतं, आणि आमचे आमदार म्हणे 'विचार करत' होते. ते नामंजूर झालं तर वाटेच्या तोंडाशी बिल्डरचं फाटक लागणार, हे नक्की. मग माझ्या अडीच वर्षांच्या लेकीला धावायला उरणार फक्त पार्किंग, आणि तिथे गाडी मागे घेताना कोणी मागे बघत नाही.

मी फोन केला. साहेब रविवारी सकाळी यायला तयार झाले!

"झालं तर मग," नवरा म्हणाला. "एकदा वर गेले, वारा लागला, की मत आपलं."

"आणि पाय घसरला तर?"

"का घसरेल?"

"घसरला तर मत कुणाचं?"

नवरा गप्प बसला. लग्नाला काही वर्षं झाली की माणूस योग्य ठिकाणी गप्प बसायला शिकतो.

रविवारी उजाडताच मी कामाला लागले. जो दगड जरा आगाऊ वाटला, त्याला लाल फीत बांधली. वळणावर दोरी ताणली. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना स्ट्रेचर घेऊन पायथ्याशी बसवलं. मागे वळून पाहिलं, तर टेकडी ऑपरेशनला न्यायच्या पेशंटसारखी दिसत होती! मला मात्र फार बरं वाटलं.

साहेब आले. त्यांनी गाडीतून एक पाय बाहेर काढला आणि तो तसाच अधांतरी ठेवला.

"ताई, हे स्ट्रेचर? कोण पडलं?"

"अजून कोणी नाही, साहेब!"

"अजून?"

"म्हणजे, आपण आत्ताच आलात ना!"

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना रक्तगट विचारला. हे मी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण बोलता बोलता हळूच विचारा, असं.

"एवढ्या लाल फिती! दोऱ्या!" साहेब हादरले. "आणि तुम्ही लहान मुलं घेऊन इथे राहता? बरं झालं बोलावलंत. उद्याच कुंपण घालून वाट बंद करतो. त्या विधेयकाचं तर आता नावच नको!"

"नाही हो साहेब! वाट उघडी राहावी म्हणून बोलावलंय!"

"मग हे सगळं कशाला?"

"मला जरा काळजी वाटते."

"कसली?"

"सगळ्याचीच," नवरा म्हणाला. या वेळी गप्प बसायला हवं होतं.

इतक्यात वरून खणखणीत हाक आली. "अगं ए! येताय की नाही कोणी? आम्ही उतरतोय आता!"

टेकडीच्या माथ्यावर सासूबाई उभ्या होत्या. आणि शेजारी माझी लेक दोन्ही पायांनी उड्या मारत होती!

"आई! तिला वर कशाला नेलंत?" मी किंचाळले.

"मी कुठे नेलं? तीच पुढे पळाली, मी मागून आले! रोजचंच आहे!"

हे 'रोजचं' मला नवीन होतं.

"आजींचं वय काय?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"सत्तरीच्या पुढे."

साहेबांनी सदरा झटकला आणि ते तरातरा निघाले, मागोमाग मी. फितीवाला एकही दगड त्यांना आडवा आला नाही. वळणावर मात्र माझ्या दोरीत पाय अडकून ते सपशेल आडवे झाले. स्ट्रेचर अर्थातच खाली होतं. तरी उठले, कोपर चोळत माथ्यावर पोचले आणि सासूबाईंशेजारी खडकावर बसले. लेकीने त्यांच्या हातात एक खडा दिला, तो त्यांनी धरून ठेवला.

"इथे कितीही वेळ बसता येतं?" त्यांनी विचारलं.

"अजून तरी कोणी उठवत नाही," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

विधेयक मंजूर झालं. साहेबांनी बाजूने मत दिलं, वर स्वतःची एक दुरुस्तीही मंजूर करून घेतली: कोणत्याही सार्वजनिक पायवाटेवर कोणीही, कितीही चांगल्या हेतूने, दोरी बांधू नये.

राज्यभर लागू आहे. माझं नाव घातलेलं नाही, एवढंच.