विधायकजींकडे मागितलेला कट्टा

पुढाऱ्याकडून काम कसं काढून घ्यावं, हे मला कुणी शिकवायला नको. कराडला महिला मंडळाची सेक्रेटरी असताना तीन नगरसेवक आले नि गेले, पण काहीतरी बांधून घेतल्याशिवाय मी एकालाही सोडलं नाही. माझा मुलगा तेजस सरकारी कंपनीत इंजिनियर म्हणून झाशीला आला आणि मलाही घेऊन आला, तेव्हा खंडेराव गेटाजवळच्या आमच्या गल्लीचं नशीबच उघडलं म्हणायचं.

शेजार मिळाला तोही मराठी. इंदिरावहिनी आणि त्यांचे यजमान बापूराव. त्यांचं घराणं पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. वहिनींचं मराठी ऐकायला गोड, पण दर चार शब्दांनी हिंदीत डुबकी मारून येतं.

संध्याकाळी गल्लीतली म्हातारी मंडळी नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसायची. मी आल्यावर थोड्याच दिवसांत त्या कठड्याचा दगड निसटला आणि बापूराव नाल्यात पडले. पाय मोडला. पुढे हाड जुळलं, काठीने चालायलाही लागले, पण मुलाने त्यांना त्या पुलाकडे फिरकायचीच बंदी केली. बाकीच्यांच्या घरीही तेच झालं. पुलावरची सभा मोडली. अख्ख्या गल्लीची खबर ठेवणारे बापूराव खोलीत एकटे बसून पंख्याकडे बघू लागले.

"त्यांना बोलायला कोणी नाही हो," वहिनी एकदा म्हणाल्या. "परसों मी ऐकलं, गीझरशी बोलत होते."

हे मात्र मला बघवेना. मी वहिनींना सांगितलं, इथल्या विधायकांकडे, म्हणजे आपल्या आमदारांसारखाच, निधी असतो, त्यातून बसायला जागा बांधून घेऊ. वहिनी म्हणाल्या, असं कोणी देत नसतं. मी म्हटलं, मागणारा भेटला नसेल.

विधायकजी रविवारी सकाळी घरीच लोकांना भेटत. आम्ही दोघी निघालो. फाटकातच वहिनींना जवळच्या गरौठा गावच्या कुणी ओळखीच्या बाई भेटल्या आणि त्या बोलत थांबल्या. मी पुढे गेले. माझं हिंदी चांगलं आहे, निदान त्या दिवसापर्यंत मला तसं वाटत होतं. माझा नंबर आला तशी मी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "विधायकजी, हमको एक कट्टा चाहिए."

दिवाणखाना एकदम शांत झाला. मला वाटलं, छाप पडली.

विधायकजींनी हातातला कप खाली ठेवला. "किसलिए, अम्माजी?"

"मोहल्ले के बुजुर्गों के लिए. पुराना वाला टूट गया. बापूरावजी का पैर उसी में गया."

त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, कुणाशी दुश्मनी वगैरे आहे का. मी म्हटलं, दुश्मनी कसली, पण गल्लीतली पोरं मोटारसायकली फार बेफाम चालवतात. कट्टा आला की आपोआप सरळ होतील. एवढं सांगूनही माणूस विचारातच पडलेला दिसला, म्हणून मी माझा अनुभवही सांगून टाकला.

"कराड में मैंने तीन कट्टे बनवाए हैं. नगरसेवक के पैसों से. तीनों आज भी बढ़िया चल रहे हैं."

तेव्हा त्यांच्या मागे उभा असलेला बंदूकधारी रक्षक पुढे आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "माताजी, ज़रा झोला दिखाइए." मी दाखवला. त्यात चार केळी आणि बापूरावांच्या पायाचा एक्स-रे होता. एक्स-रे त्याने खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला.

तेवढ्यात वहिनी आत आल्या. त्यांनी क्षणभर ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अरे भैया, चबूतरा! ये चबूतरा माँग रही हैं. इनके यहाँ बैठने की जगह को कट्टा कहते हैं."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "शशिकलाबाई, इथं कट्टा म्हणजे तमंचा."

गावठी कट्टा पकडल्याच्या बातम्या मी कराडला असताना पेपरात कितीदा वाचल्या होत्या. पण माणसाला योग्य गोष्ट योग्य वेळी आठवत असती तर अजून काय हवं होतं! विधायकजी पोट धरून हसले, आम्हाला चहा पाजला आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. म्हणजे नाही म्हणाले.

पण कुणीतरी सगळा प्रकार मोबाइलवर टिपला होता. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ झाशीभर फिरला. त्यात मी कट्टा मागताना दिसत होते. वहिनी यायच्या आतच तो संपत होता. विरोधी पक्षाने लगेच विचारलं, यांच्या राज्यात म्हाताऱ्या बायकांवरही हत्यार मागायची वेळ आली का? तेजसला ऑफिसात लोक विचारू लागले, आई कशी आहे, आणि विचारताना दोन पावलं लांब उभे राहू लागले. तो हात जोडून म्हणाला, "आई, आता पुरे."

मी म्हटलं, बदनामी झालीच आहे, तर चबुतरा तरी पदरात पडू दे. पुढच्या रविवारी मी पुलावरची सगळी मंडळी घेऊन गेले. बापूरावांना रिक्षात घातलं. आम्हाला पाहताच विधायकजी स्वतः दारापर्यंत आले. एव्हाना त्यांनाही आमची गरज होती. म्हणाले, काम मंजूर करून आणतो, पण तुम्ही कॅमेऱ्यासमोर नीट सांगा तुम्हाला काय हवंय. मी कॅमेऱ्यात बघून तीनदा म्हणाले, "चबूतरा."

माणूस शब्दाला जागला. कागद हलवले, सरकारी साहेबांच्या मागे लागला आणि हिवाळा संपायच्या आत निधी मंजूर करून घेतला. पुलापासून हटून, गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागाही मिळाली. आखणी करायला तरुण इंजिनियर आला, तेव्हा मी स्वतः उन्हात उभी राहिले. कारण इथे मोकाट गाई फार. जरा सपाट जागा दिसली की वर चढून बसतात. मी त्याला बजावलं, असा उंच बांध की गाईला काही केल्या चढता येता कामा नये. तो म्हणाला, जास्त उंच होईल. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, मी तीन बांधलेत.

पोराने अक्षरशः तसाच बांधला.

उद्घाटनाला विधायकजींना त्यांच्या दोन कार्यकर्त्यांनी उचलून वर चढवलं. त्यांनी वरून भाषण केलं, आम्ही खालून टाळ्या वाजवल्या. मग बापूरावांनी काठी चबुतऱ्याला टेकवली, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी लगेच विधायकजींकडे पायऱ्यांचा विषय काढला. ते म्हणाले, पायऱ्या हे वेगळं काम, त्याला वेगळी मंजुरी लागेल. मी दर रविवारी जाते आहे.

तोपर्यंत संध्याकाळी सगळे आपापल्या घरून खुर्च्या आणतो आणि चबुतऱ्याच्या पूर्वेला मांडून बसतो. सभा पुन्हा भरते. बापूराव इतकं बोलतात की वहिनी कंटाळून लवकर घरी जातात. परवा त्यांनी चबुतऱ्याच्या भिंतीवर हात फिरवला आणि मला म्हणाले, "फार सोय केलीत हो. नाहीतर इथे संध्याकाळी तोंडावर ऊन आलं असतं."