धोंडीभाऊंचे मुडदे

आमच्या मढ गावाला एखादा पाहुणा एस.टी.तून उतरला की धोंडीभाऊ त्याला नाव-गाव विचारत नाहीत. आधी पायांकडे बघतात आणि म्हणतात, "पावणं, जरा मेल्यागत चालून दाखवा, राव."

धोंडीभाऊंची पिठाची गिरणी आहे. दरवर्षी भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकली की ते मोबाइलवर झॉम्बीचा सिनेमा काढतात. मेलेली माणसं उठतात आणि जिवंतांना खात सुटतात, एवढीच गोष्ट. रक्त टोमॅटोचं, चेहऱ्यावरची प्रेतकळा गिरणीतल्या तांदळाच्या पिठाची. सिनेमे इतके वाईट असतात की पंचक्रोशीत तोड नाही, आणि मला त्यांचा भयंकर अभिमान आहे. मी इथल्या शाळेत मास्तर. सलग चार सिनेमांत मेलोय, आणि दर वेळी आधीपेक्षा बरा मेलोय.

गेल्या वर्षी चाळीस मुडदे शेतातून गावावर चालून येणार होते. धोंडीभाऊ ओरडले, "ॲक्शन!" चाळीसही जण हात पुढे करून, गुरगुरत निघाले ते थेट बांधावर चढले आणि एकामागे एक, रांगेनं आले. नव्या लावलेल्या भातात एकानंही पाय घातला नाही. मधे एक म्हातारी गवताचा भारा घेऊन आली, तर मुडद्यांनी सरकून तिला वाट दिली. हिरो बिचारा कुऱ्हाड उगारून ताटकळला.

"हे परत घ्या," मी म्हणालो.

"का? मेलं म्हणून काय अक्कल गेली का? आपला मुडदा रोप तुडवत न्हाई, मास्तर."

शाळेच्या वर्गात सिनेमा दाखवला तेव्हा तो तुकडा लोकांनी तीनदा लावायला लावला. हसून हसून पोटं दुखली.

तोच तुकडा मोबाइलवरून फिरत पुण्याला पोचला आणि सिनेमे काढणारे एक साहेब गाडी घेऊन गिरणीत आले. सगळे सिनेमे बघून हसता हसता त्यांना उचकी लागली. म्हणाले, हाच सिनेमा मोठ्या पडद्यासाठी करू. कॅमेरा आमचा, गाव तुमचं, दिग्दर्शक म्हणून नाव धोंडीभाऊंचं. मी तर तिथंच सगळ्यांना चहा मागवला. मग साहेबांनी अट सांगितली. मुडद्यांची पुढारीण, ती एक पाय ओढत चालणारी, तेवढी पुण्याची शिकलेली नटी घेऊ.

धोंडीभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "मग नको."

साहेबांनी समजावलं, मी हात जोडले. शेवटी साहेब गेले. मी संतापलो, "अहो, एका कामासाठी एवढी संधी घालवली?"

ती पुढारीण म्हणजे ठकूवहिनी, धोंडीभाऊंची बायको. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. एक पाय ओढू लागला, बोलणं उमटेना. लग्नाघरी जात्यावरची गाणी सांगायला जिला आधी बोलावायचे, ती बाई कुणी आलं की मागच्या दारानं निघून जायची.

धोंडीभाऊ गिरणी झाडत म्हणाले, "तिला भायेर कशी काढू, म्हणून म्या लई डोकं खाजवलं, मास्तर. बोलायचं नको, धड चालायचं नको, आन् तरीबी समद्यांच्या म्होरं ऱ्हायाचं. असलं काम ह्या एकाच सिनेमात व्हतं."

मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नव्या सिनेमाची तालीम होती. ठकूवहिनी पुढे, मागे आम्ही चाळीस जण पाय ओढत. वहिनी मधेच थांबल्या, वळल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पाय कसा ओढायचा ते त्यांनी सावकाश, दोनदा करून दाखवलं. मी चाललो. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही.

मोबाइलमागून धोंडीभाऊ अभिमानानं ओरडले, "मास्तर, अजून लई जित्तं दिसताय, म्हणती ती!"

सगळे हसले. सगळ्यांत आधी ठकूवहिनी.