पंख्यातली चिमणी आणि ओनरशिपचा फ्लॅट

"मी विद्याधर. मुलुंडचा एकमेव डिटेक्टिव्ह. मी गल्लीत शिरलो की चोर आपणहून माल जागेवर ठेवतात."

साहेब कृष्णाबाईंना हे सांगत होते, तेवढ्यात दाराबाहेर काढलेल्या त्यांच्या चपला गेल्या. मी अनंता, त्यांचा असिस्टंट. पगार म्हणून मला त्यांचे विचार मिळतात.

प्रकरण गंभीर होतं. ऐन मे महिना. कृष्णाबाईंची लेक नलिनी बाळंतपणाला माहेरी आलेली, रविवारी बारसं, आणि चिमण्यांनी पंख्याच्या वाटीत घरटं करायला घेतलेलं. त्यामुळे पंखा बंद. घामोळ्यांनी लाल झालेलं बाळ टाहो फोडत होतं. मला त्याची फार दया आली.

"काड्या काढून टाका की," मी म्हणालो.

"बाळंतिणीच्या घरात कुणाचं घरटं मोडतात का रे मेल्या?" कृष्णाबाई कडाडल्या. "अजून अंडी नाहीत. तोवर त्यांना दुसरं घर बघून द्या!"

मी बुटाचं खोकं सुचवलं.

"अनंता, मुलुंडची चिमणी आहे ती. स्टँडर्ड आहे तिचं!" साहेब म्हणाले.

साहेबांनी प्लायवूडचा ओनरशिप फ्लॅट करून घेतला. बाल्कनीसकट. गॅलरीत टांगून नारळ फोडला, नव्या घराला नजर लागू नये म्हणून दारावर जीभ काढलेली काळी बाहुली लटकवली.

चिमण्या फिरकेनात.

"कावळ्यांनी धमकावलंय," साहेब म्हणाले. त्यांनी एका कावळ्याची उलटतपासणी केली. कावळ्याने त्यांच्या शर्टावर जबाब नोंदवला. मग साहेबांना वाटलं, नर तयार आहे, पण मादीला स्वयंपाकघर लहान वाटतंय. शनिवारी तर त्यांचा संशय थेट बाळावर गेला.

"ते रडून चिमण्यांना इशारे देतंय!"

"अहो डिटेक्टिव्ह," खाटेवरून नलिनी म्हणाली, "ती बाहुली काढा ना आधी. मलाच दचकायला होतं, चिमणीची काय कथा? घर दिलंत आणि दारात बुजगावणं टांगलंत!"

मी बाहुली काढली. तासाभरात चिमणी काडी घेऊन फ्लॅटमध्ये शिरली.

"माझा हाच अंदाज होता," साहेब म्हणाले.

मी पंख्यातल्या जुन्या काड्या काढायला स्टुलावर चढलो.

"खबरदार! तो पुरावा आहे. हात लावायचा नाही!"

रविवारी घर पाहुण्यांनी गच्च भरलं. बाळाला पाळण्यात घातलं. साहेबांनी मोठ्या थाटात, स्वतःच्या हाताने, पंख्याचं बटण दाबलं.

बाळाचं नाव काय ठेवलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. सगळे एकमेकांच्या केसांतून पुरावा काढत होते.