देशद्रोह्याची बायको

हेस्टर टॅप्लो यांनी आपल्या नव्या हेरकथेतल्या देशद्रोही मंत्र्याला, लिहिताना, खऱ्या माणसाचं नाव दिलं होतं. त्यात वाईट हेतू नव्हता. डोळ्यांसमोर चेहरा असल्याशिवाय त्यांना दोन ओळी सुचत नसत, आणि माजी मंत्री सर ऑब्री डन्स्टन यांचा चेहरा त्यांना फार आवडायचा. सर ऑब्री टीव्हीवर मासेमारीच्या परवान्यांबद्दल बोलत असले, तरी हेस्टरबाईंना वाटे, या माणसाच्या पोटात काहीतरी आहे. पुस्तक पुरं झालं की संगणकाला सांगून नाव सगळीकडे बदलून टाकायचं, ही त्यांची नेहमीची पद्धत.

प्रकाशकांचे वकील मिस्टर बीड यांनी नाव बदललेलं हस्तलिखित वाचलं, तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, हा माणूस लगेच ओळखू येतो. आणि तो जिवंत आहे. लंडनच्या कोर्टात उभं राहायची हौस आहे का तुम्हाला?"

मग मंत्र्याच्या टकलावर दाट केस उगवले, ससेक्समधलं घर यॉर्कशायरला गेलं, पाइप सुटला, कुत्र्याची मांजर झाली. बीडसाहेब म्हणाले, "आता याच्या सख्ख्या आईनेसुद्धा याला ओळखू नये."

पुस्तकाच्या आगाऊ प्रती समीक्षकांकडे गेल्या आणि बीडसाहेबांचा फोन आला. आवाज पार पडलेला.

एका ठिकाणी हेस्टरबाईंनी 'डन्स्टन' टंकताना एक अक्षर जास्त टाकलं होतं. संगणकाने ते नाव ओळखलं नाही, म्हणून ते न बदलता तसंच छापलं गेलं. माणसं मात्र ओळखणार होती, कारण त्या वाक्यात सर ऑब्री गुप्त फिल्म पावात दाबून तो पाव रशियन पाहुण्यापुढे सरकवत होते.

"प्रती परत मागवा की," हेस्टरबाई म्हणाल्या.

"मागवल्या. एक सोडून. जाहिरात विभागाला वाटलं, एखाद्या माजी मंत्र्याचे चार कौतुकाचे शब्द मागच्या पानावर आले तर बरं दिसेल. त्यांनी एक प्रत सर ऑब्रींनाच पाठवलीय."

हेस्टरबाईंनी कपाटातून करार काढून पाहिला. खटला झाला तर पुस्तकाचा लगदा होणार, आणि करारानुसार भरपाई लेखिकेच्या डोक्यावर.

दोघं बीडसाहेबांच्या गाडीतून ससेक्सला, सर ऑब्रींच्या घरी निघाले. "तुम्ही एक शब्द बोलायचा नाही," बीडसाहेबांनी वाटेत बजावलं. "माफी मागणं म्हणजे कबुली देणं."

दार लेडी मॉर्वेना डन्स्टन यांनी उघडलं. हाताला बागेतली माती. त्यांनी दोघांना बसवलं, चहा-केक आणला आणि नवऱ्याला हाक मारली. सर ऑब्री आले ते पुस्तकात बोट घालूनच. ते पाहून हेस्टरबाईंच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तो मंत्री म्हणजे तुम्हीच. माफ करा मला."

बीडसाहेबांचा चहा बशीत सांडला.

"दोनदा वाचलं मी," सर ऑब्री म्हणाले. "यात मी भिंतीवरून उडी मारतो, चार भाषा बोलतो. अहो, उभा जन्म मी गटारांच्या आणि मासळीच्या समित्यांवर काढला. देशद्रोह करण्याइतकं महत्त्वाचं कुणी कधी मला काही दाखवलंसुद्धा नाही."

"म्हणजे आपली हरकत नाही?" बीडसाहेबांनी विचारलं.

"माझी नाही," म्हणत त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं.

"माझी आहे," लेडी मॉर्वेना म्हणाल्या.

"पण मॅडम, पुस्तकातली बायको तर संपूर्ण काल्पनिक आहे," बीडसाहेब म्हणाले.

"नवरा हा, मग बायको कोण? नाव तुम्ही आता काढाल, पण आमच्या गावात व्हायची ती चर्चा होणारच. आणि ती बाई वीस वर्षं करते काय, तर सूप ढवळते. माळ्यावर बिनतारी यंत्र, शेगडीत जळके कागद, नवरा जेवताजेवता उठून बागेत पळतो, आणि हिला पत्ता नाही. लोक मला काय समजतील?"

"देशद्रोह्याची बायको," बीडसाहेब जपून म्हणाले.

"ते चालेल. बावळट समजलेलं नाही चालणार."

हेस्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही असता तर कधी ओळखलं असतं?"

"पहिल्याच आठवड्यात. आणि गप्प बसले असते. पावातली फिल्म काढून तिथे आमच्या सहलीचे फोटो घातले असते, आणि खरी फिल्म मला हवी तिथे, हव्या त्या माणसाला दिली असती."

हेस्टरबाईंना वर्षभर एक गोष्ट छळत होती. कथेच्या शेवटी रशियनांना खोटी माहिती कशी पोचते, ते त्यांना काही केल्या पटवून देता आलं नव्हतं. आता ते आपोआप जुळलं. खरा हेर मंत्री नव्हताच. हेस्टरबाई लेडी मॉर्वेनांकडे वळल्या. "इतकी वर्षं मी चुकीच्या चेहऱ्याकडे बघत होते," त्या म्हणाल्या.

"थांबा," बीडसाहेब कासावीस झाले. "म्हणजे आता मॅडमच देशद्रोही ठरतात. त्यांची लेखी संमती लागेल."

"द्या इकडे. कुठे करू सही?"

सही झाली. बीडसाहेबांनी घाम पुसला आणि ते सर ऑब्रींकडे वळले. "साहेब, या नव्या मांडणीत सगळा कारभार बायको बघते आणि नवऱ्याला शेवटपर्यंत गंधही नसतो. यात तुमची अप्रतिष्ठा आहे. उद्या तुम्ही बदनामीचा दावा लावू शकता."

सर ऑब्रींनी केकचा घास शांतपणे संपवला.

"नाही लावता येणार, मिस्टर बीड. थोडा कायदा मलाही ठाऊक आहे. जे खरं आहे ते लिहिल्याने बदनामी होत नाही."